जुन्या स्पोर्ट्स कारची देखभाल आणि वायरिंगची दुरुस्ती: गोव्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

पंधरा-वीस वर्षांची बीएमडब्ल्यू झेड-फोर, मर्सिडीज एसएलके किंवा माझदा एमएक्स-फाइव्ह दारात आली की नवा मालक आधी बोनेट उघडून इंजिन बघतो. गोव्यात अशा गाडीला इंजिनापेक्षा वायरिंग जास्त छळतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेल्या महिन्यांत समुद्रावरची खारी हवा, आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस नुसती उभी असलेली गाडी. तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढतो, अर्थचे, म्हणजे वायर बॉडीच्या पत्र्याला जोडणारे, बोल्ट गंजतात, कनेक्टरमध्ये ओल धरते. मग एके दिवशी हूड, म्हणजे गाडीचं उघडणारं छत, अर्ध्यावर अडकतं किंवा डॅशबोर्डवर चार दिवे एकदम पेटतात, आणि कुणीतरी सांगतं की कॉम्प्युटर गेला, नवा टाकावा लागेल.

बहुतेक वेळा कॉम्प्युटर ठणठणीत असतो. त्याच्यापर्यंत करंट नीट पोचत नसतो, किंवा पोचलेल्या करंटला परतीची वाट नसते. म्हणून या लेखात माझा एकच आग्रह आहे: मोजल्याशिवाय कुठलाही पार्ट विकत घेऊ नका. या गाड्यांचा पार्ट म्हापशाच्या दुकानात मिळत नाही. तो मुंबईहून किंवा परदेशातून मागवावा लागतो, इलेक्ट्रिकल पार्ट सहसा परत घेत नाहीत, आणि मोजायला पाच मिनिटं लागतात.

हाताशी काय हवं

एक बरा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, मिलिमीटरचा सॉकेट सेट, टॉर्क्स बिट, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबायची चांगली पक्कड, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पॉलिश पेपर, व्हॅसलीन आणि डोक्याला बांधायची टॉर्च. गंज सोडवायचा स्प्रे आणि कॉन्टॅक्ट क्लीनर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला तेलकट थर मागे ठेवतो, त्यामुळे तो कनेक्टरमध्ये मारू नका.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आणि वायरिंग डायग्राम. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या अंतराने फ्यूजच्या जागा बदललेल्या असतात. म्हणून चॅसिस नंबर लिहून ठेवा आणि मॅन्युअल असो वा पार्ट, त्या नंबरावरूनच शोधा.

कामाला लागण्यापूर्वी चार गोष्टी. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांत अंगठी आली तर बोट भाजतं. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी लावायचं. त्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना ते बघा, बॅटरी परत जोडल्यावर रेडिओ तो मागू शकतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, चाकांना अडण लावून स्टँडवर गाडी बसवल्यावरच जा. आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, तो सहसा एअरबॅगचा असतो. सीट काढायची वेळ आली तर बॅटरी सोडवून किमान दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या वायरवर मल्टिमीटर ठेवून रेझिस्टन्स मोजायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. मीटरच्या एवढ्याशा करंटनेही बॅग फुटू शकते.

पहिलं काम: पाणी कुठून शिरतं ते शोधा

वायरिंगचं काम पाण्याच्या शोधापासून सुरू करा. गळती तशीच ठेवून केलेली दुरुस्ती पुढच्या जुलैपर्यंतच टिकते.

उघडणाऱ्या हूडच्या गाडीत पावसाचं पाणी हूडच्या मुळाशी असलेल्या पन्हळीत उतरतं आणि तिथून नळ्यांवाटे गाडीखाली जातं. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या नळ्या पानांनी आणि लाल मातीने चोंदतात. पहिल्या पिढीच्या बीएमडब्ल्यू झेड-फोरमध्ये (२००२ ते २००८) तर हूड चालवणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर मागच्या कोपऱ्यातल्या खोलगट जागेत बसवलेली आहे. निचरा बंद झाला की पाणी तिथेच साचतं आणि मोटर बुडते. या गाड्यांमधलं ते सगळ्यांत ओळखीचं दुखणं आहे. मोटर महाग, तिथपर्यंत पोचणं किचकट, आणि कारण काय, तर मूठभर पाला. एमएक्स-फाइव्हमध्ये निचरा तुंबला की पाणी सीटच्या मागे आणि पायाखालच्या गालिच्यात येतं.

तपासणी सोपी आहे. हूड अर्धं उघडा, पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला गाडीखाली बघायला सांगा. दोन्ही बाजूंनी पाणी धारेने पडलं पाहिजे. ठिबकत असेल तर नळी चोंदली आहे. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी आत सरकवून हळूहळू फिरवा. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते. पंक्चरवाल्याकडची हवाही जोरात मारू नका. नळी आतल्या आत निसटली की पाणी थेट गाडीत पडायला लागतं आणि ते लवकर लक्षातही येत नाही.

नंतर डिकी. झेड-फोरची आणि जुन्या एमएक्स-फाइव्हची बॅटरी डिकीत असते, म्हणजे तिथली ओल थेट बॅटरीशी आणि तिच्या शेजारच्या वायरिंगशी भिडते. एक माणूस टॉर्च घेऊन डिकीत वाकेल आणि दुसरा बाहेरून पाइपने पाणी मारेल अशी जोडी करा. मागच्या दिव्यांचं रबर, तिसऱ्या ब्रेकलाइटचं रबर आणि डिकीच्या झाकणाचं रबर, या तीन जागा आधी बघायच्या. स्टेपनीची जागा आणि गालिच्याखालचा फोम हाताने दाबून पाहा. फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. ओला असेल तर बाहेर काढून उन्हात वाळवा, गाडीत ठेवून तो वाळत नाही.

बॅटरी: तीन आकडे

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू करण्याआधी, बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा आणि मगच पुढची कुठलीही तपासणी करा, कारण अशक्त बॅटरीवर घेतलेली सगळी मापं दिशाभूल करतात.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. मीटर लावलेला ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ९.६ व्होल्टच्या खाली उतरलं तर भरलेली असूनही बॅटरी थकलेली आहे. तिसरा आकडा इंजिन चालू असताना: १३.८ ते १४.५ च्या आसपास. हेडलाइट, पंखा आणि एसी लावूनही तो १३.५ च्या वर टिकला तर अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, दोष देऊ नका.

डिकीतल्या बॅटरीबद्दल एक सूचना. तिच्यातून निघणारा वायू बाहेर काढायला बारीक नळी लागते. दुकानदार त्याच मापाची साधी बॅटरी देतो. ती बसते, चालते, पण वायू डिकीत साठतो. नळी जोडायची सोय असलेलीच बॅटरी घ्या आणि नळी खरोखर जोडली आहे ना ते स्वतः बघा. काही नव्या युरोपीय गाड्यांत बॅटरी बदलल्यावर तशी नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते, ते मॅन्युअलमध्ये तपासा.

अर्थ: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

करंट बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्यापर्यंत वायरने जातो आणि परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून. पत्रा आणि वायर जिथे बोल्टने जोडलेली असते तो अर्थ पॉइंट. बोल्टखाली गंज धरला की परतीचा रस्ता अरुंद होतो. तेव्हा करंट दुसऱ्या दिव्यातून, दुसऱ्या मॉड्यूलमधून (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या डब्यातून) वाट काढतो आणि एकमेकांशी संबंध नसलेली लक्षणं एकदम दिसायला लागतात.

पर्वरीतल्या एका मित्राच्या रोडस्टरमध्ये ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटायचा आणि रिव्हर्स टाकला की मागचा दिवा फिका पडायचा. त्याला लाइटचं मॉड्यूल बदलायला सांगितलं होतं. आम्ही ब्रेक दाबून धरला, मीटर डीसी व्होल्टवर ठेवला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन मागच्या दिव्याच्या अर्थ वायरवर. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं होतं, दिसलं १.८ व्होल्ट. म्हणजे बारापैकी जवळजवळ दोन व्होल्ट परतीच्या वाटेवरच अडकत होते. ती तपकिरी वायर डिकीच्या बाजूच्या अस्तरामागे शोधत गेलो. बोल्ट पत्र्यावर दिसत होता धडधाकट, पण सोडवल्यावर खाली पांढरट हिरवी भुकटी. थिंबल आणि पत्रा पॉलिश पेपरने घासून लख्ख केला, नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर घालून आवळलं, वरून व्हॅसलीन लावलं. मीटरवर ०.०४ व्होल्ट आलं आणि दोन्ही दिवे सरळ झाले.

हीच पद्धत गाडीत सगळीकडे चालते. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की माप घेताना ती वस्तू चालू असली पाहिजे. बंद दिव्याच्या अर्थमधून करंट वाहतच नाही, त्यामुळे सडलेला जोडही चांगला दिसतो. नुसता कंटिन्युइटीचा (वायर सलग आहे एवढंच सांगणारा) बीप ऐकून समाधान मानू नका; एक तार शिल्लक असलेली वायरही बीप देते. दिवे, हॉर्न, पंखा यांच्यासाठी अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. इंजिनासाठी काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. ०.३ च्या वर गेलं तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड विणलेली पट्टी बदला. ती स्वस्त असते, आणि सेल्फ मंद फिरतो या तक्रारीत तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

व्हॅसलीन नेहमी आवळून झाल्यावर वरून लावायचं, पत्रा आणि थिंबल यांच्या मध्ये नाही. अर्थ घासताना उघडा पडलेला पत्राही झाकायचा, नाहीतर एका पावसात गंज पुन्हा सुरू होतो.

भारतात बनलेली सॅन स्टॉर्म किंवा फायबरग्लास बॉडीची दुसरी कुठली गाडी असेल तर हा सगळा विचार आणखी नेटाने करावा लागतो. फायबरमधून करंट वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची परतीची वायर स्वतंत्रपणे चॅसिसपर्यंत आणलेली असते. अशा गाडीत अर्थच्या वायरी शोधून, कागदावर त्यांचा नकाशा काढून ठेवणं हे माझ्या मते पहिल्या महिन्याचं काम आहे.

फ्यूज उडतो तेव्हा

फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ५ अँपिअर बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा घालू नका. फ्यूज वायरला वाचवतो. मोठा घातला की फ्यूजऐवजी वायर जळते, तीही डॅशबोर्डच्या मागे.

एकामागून एक फ्यूज उडवत बसण्यापेक्षा ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा आणि फ्यूजच्या जागी बसवा. त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तू बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो, पण वायर जळत नाही, कारण बल्ब करंटला पावणेदोन अँपिअरवर रोखून धरतो. आता त्या लाइनवरचा एकेक कनेक्टर सोडवत जा, वायरिंग हलवत जा. ज्या क्षणी बल्ब विझेल ती जागा. दाराच्या बिजागरीपाशी आणि डिकीच्या झाकणाच्या वळणावर आधी बघा. तिथे वायर रोज वाकते आणि आतून तुटते. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात, तेव्हा कुरतडल्याच्या खुणाही बघा.

आधीच्या मालकाने बसवलेले जादा दिवे आणि हॉर्न संशयाने तपासा. ५५ वॅटचा बल्ब साधारण ४.६ अँपिअर घेतो, १०० वॅटचा ८.३. मूळ वायर आणि स्विच पहिल्या आकड्यासाठी केलेले असतात. होल्डर वितळलेला दिसला तर मूळ वॅटचा बल्ब परत घाला. जास्त उजेड हवाच असेल तर रिलेवरून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवरून), वेगळा फ्यूज लावून, जाड वायरीने जोडणी करा. साध्या रिलेत ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या, ३० वर बॅटरी, ८७ वरून दिवा.

वायर जोडायची कशी

दोन तारा पिळून वर टेप गुंडाळणं गोव्यात चालत नाही. टेपचा गोंद मेच्या उकाड्यात सुटतो आणि जूनमध्ये ओल आत जाते. हिरवी पडलेली वायर कापत मागे जा, लख्ख तांबं दिसेपर्यंत. कधी वीतभर मागे जावं लागतं, कारण ओल प्लॅस्टिकच्या आतून तारेसोबत सरकते. मग योग्य मापाचा जोड पक्कडीने दाबा, जोरात ओढून बघा आणि आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. डाग देऊन (सोल्डर करून) केलेला जोड बाकावर सुरेख दिसतो, पण हादऱ्याने डागाच्या कडेला तार तुटते; म्हणून मी गाडीत दाबलेला जोडच पसंत करतो. शक्य असेल तिथे बोटींसाठी वापरतात ती कल्हई केलेली तांब्याची वायर घ्या. मालीमच्या जेटीवर ट्रॉलरांची वायरिंग करणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते, आणि खाऱ्या हवेबद्दल त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते

मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडा. दार उघडं ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. डिकीचा दिवा काढा, चावी लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा. सगळी मॉड्यूल झोपल्यावर करंट ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. ५० मिलिअँपिअर दिवसाला १.२ अँपिअर-तास खातो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी त्यावर अर्धी व्हायला पंचवीस दिवस लागतात. ५०० मिलिअँपिअर असेल तर तेवढंच काम अडीच दिवसांत होतं.

करंट जास्त आला तर फ्यूज उपटत बसू नका, त्याने झोपलेली मॉड्यूल परत जागी होतात. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे टिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्यांवर पिना टेकवा. जिथे आकडा दिसेल त्या लाइनवर करंट वाहतो आहे. मीटर बॅटरीच्या मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

तेल, पाणी, ब्रेक

इंजिन ऑइल किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ या ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. आपल्या दमट हवेत दोन वर्षांच्या पुढे जाऊ नका, विशेषतः चोर्ला किंवा अनमोड घाट उतरणार असाल तर. टायरच्या बाजूचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही, आणि मागची चाकं ढकलणाऱ्या हलक्या गाडीत ते फार लवकर कळतं.

कूलिंगकडे मात्र जास्त लक्ष हवं. त्या काळातल्या बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडर इंजिनांत कूलंटची टाकी आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं आहे, आणि वयाप्रमाणे ते ठिसूळ होऊन तडकतं. होज, टाकी आणि थर्मोस्टॅट एकदमच बदलावेत असं मी सांगेन. एकेक करून बदलताना उरलेला जुना भाग रस्त्यात दगा देतो आणि इंजिनाचं हेड वाकतं. कूलंटमध्ये नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. गाडी हायवेवर थंड आणि पर्वरीच्या कोंडीत गरम होत असेल तर आधी पंखा बघा: फ्यूज, रिले, अर्थ, याच क्रमाने.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनी रबरी होज त्याने फुगते, चिरते. पेट्रोलच्या होजवर बोट फिरवून भेगा तपासा, वास आला तर गाडी सुरूच करू नका. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरलेली ठेवा.

वर्षभराची आखणी

आगोटीच्या कामांत, मेच्या मध्यापर्यंत, निचऱ्याच्या नळ्या, दारांची रबरं, वायपर आणि बॅटरी. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ कोंडते. हवा जाऊ देणारं घ्या किंवा शेडमध्ये मोकळी ठेवा. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवा, जागेवर नुसतं इंजिन सुरू ठेवण्याने बॅटरीही भरत नाही आणि सायलेन्सरमधलं पाणीही उडत नाही. चतुर्थी उलटल्यावर डिकी आणि गालिचे उघडून उन्हं दाखवा, अर्थ पॉइंट एकेक करून बघा. दसऱ्याला हार घालण्याआधी हे झालेलं असावं.

पंधरा वर्षं पूर्ण होणार असतील तर नोंदणीचं नूतनीकरण मुदतीआधी करा. ते पाच वर्षांसाठी मिळतं आणि गाडी दाखवावी लागते. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर तिथे चालू लागतात, म्हणून वायरिंगची कामं आदल्या आठवड्यावर ठेवू नका.

एअरबॅग, एबीएस, आणि मॉड्यूलच्या आतलं काम जाणकाराकडे द्या. जाताना तुम्ही घेतलेली मापं कागदावर लिहून न्या: कुठे, काय चालू असताना, किती व्होल्ट. पार्ट बदलायचा ठरला तर कुठल्या मापावरून ठरवलं ते विचारा, आणि जुना पार्ट परत मागून घ्या. त्यावर छापलेला नंबर पुढच्या ऑर्डरला लागतो.